जवाईबापूंची सायकल सहल

आमच्या भाऊजींनी समुद्र पाहिला होता. नोकरीच्या ट्रेनिंगसाठी ते अकरा महिने मुंबईला राहिले, तेव्हा म्हणे मित्रांच्या घोळक्यासोबत एकदा पहाटे सायकलींवर निघाले, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावी गेले, खाऱ्या पाण्यात डुंबले आणि त्याच दिवशी अंधार पडायच्या आत परत आले. शोभाताईच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसले तेव्हा हे अंतर जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतं. दिवाळसणाला ते ऐंशी झालं. संक्रांतीला ते आमच्या गावी, पांढुर्ण्याला, आले तोवर शंभराच्या पलीकडे गेलं होतं आणि मध्ये एक घाटही तयार झाला होता. मुंबईतच समुद्र असताना तो पाहायला इतकं लांब कशाला जावं लागलं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, आणि जावयाला प्रश्न विचारायची पद्धत तर नव्हतीच.

बाबा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. दशांशचिन्ह एक घर इकडे-तिकडे झालं तर पोरांच्या बोटांवर पट्टी बसायची. बाजारात त्यांचे जुने विद्यार्थी त्यांना पाहून विड्या लपवायचे, त्यांतले काही तर स्वतःच बाप झालेले होते. असा हा माणूस भाऊजींसमोर पाटावर बसून साठाचे ऐंशी आणि ऐंशीचे शंभर होताना ऐकायचा आणि मान डोलावून म्हणायचा, “वा, जवाईबापू, वा!” त्या मानेकडे पाहून मला बाबांची पहिल्यांदा शिसारी आली. सतराव्या वर्षी बापाची शिसारी येते तेव्हा आपण फार मोठे झालो असं वाटतं. मी तेवढी मोठी झाले नव्हते, हे पुढं कळलं.

घर आमचं जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत, अडीच खोल्यांचं. हिवाळाभर कापसाचे तंतू हवेतून येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे आणि सकाळी जिनचा भोंगा झाला की आई चुलीवरचं दूध उतरवायची. भाऊजी आले की त्या अडीचमधल्या दोन खोल्या त्यांच्या व्हायच्या. एकीत ते झोपायचे, दुसरीत बसायचे. उरलेल्या अर्ध्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आम्ही सगळे कुजबुजत राहायचो. त्यांना आंघोळीला दोन बादल्या गरम पाणी लागायचं आणि ते होईपर्यंत आई टॉवेल घेऊन दाराआड उभी राहायची. त्या संक्रांतीला तिनं सांबारवड्या केल्या होत्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ओलं खोबरं, खसखस, तीळ घालून परतलेलं ते सारण बेसनाच्या पारीत भरायचं आणि तळायचं, त्यात सकाळची दुपार होते. भाऊजींनी सात वड्या खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाले, “नागपूरला पारी याच्याहून पातळ लाटतात.” दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा सगळा घाट घातला आणि पारी इतकी पातळ लाटली की निम्म्या वड्या कढईत फुटल्या. फुटलेल्या आम्ही खाल्ल्या.

शोभाताई लग्नाआधी दोन वर्षं तिगावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. नोकरी कच्ची होती, पण होती. रोज सकाळी साडीला पिना लावून, डबा हँडलला अडकवून ती सायकलवर तिगावला जायची आणि दुपारी परत यायची. पाऊस असो, ऊन असो. त्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायची बंद झाली होती. लग्न ठरलं तेव्हा भाऊजींच्या घरच्यांनी नोकरीचं विचारलं, बाबा म्हणाले, “तुमची मर्जी.” झालं, संपलं. पण शाळेच्या बडी बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिची जागा भरली नव्हती. संक्रांतीच्या वाणाला त्या आल्या तेव्हा जाता जाता ताईला म्हणाल्या, “महिन्याच्या अखेरपर्यंत वाट पाहते. मग वरून कुणीतरी येईल.” ताईनं त्यांना हळदीकुंकू लावलं आणि तिळगूळ दिला.

सायकल सहलीची कल्पना अर्थातच भाऊजींची. काकांचा दिलीप, माझा चुलतभाऊ, तेव्हा कॉलेजात होता. त्यानं समुद्राची गोष्ट चौथ्यांदा ऐकून साळसूदपणे विचारलं, “मग भाऊजी, आपल्याकडे कुठं जाता येईल?” समुद्र नाही तर नदी तरी, असं करत करत कन्हान ठरली. सावसर, बोरगाव, लोधीखेडा आणि त्याच्याही पुढं नदीच्या पात्रापर्यंत, एका दिवसात जाऊन परत. “एवढंच ना?” भाऊजी म्हणाले. दिलीपचे दोन मित्र यायला तयार झाले. मी हट्ट धरला. ताईनं हट्ट धरला नाही, नुसती दारात उभी राहिली. दिलीप म्हणाला, “ताई नाही तं मजा काय हो भाऊजी? आमच्यात सगळ्यात फास्ट तीच चालवते.” भाऊजींनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “येऊ द्या. पण माझ्या मागं राहायचं. बायको नवऱ्याच्या पुढं सायकल हाणून राहिली, हे बरं नाही दिसत.” बाबा लगेच म्हणाले, “बरोबर आहे, बरोबर आहे.”

पहाटे पाचला निघालो. थंडी अशी की हँडलला हात चिकटत होते. आईनं पुऱ्या, सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, सुकी भाजी, जवसाची चटणी बांधून दिली होती. सगळं ओझं ताईच्या कॅरिअरला, कारण भाऊजींची सायकल शेजाऱ्याकडून मागून आणलेली नवी कोरी होती आणि तिला ओरखडा पडला असता. पुढं भाऊजी, त्यांच्या मागं ताई, मग आम्ही. गाव सुटलं, संत्र्याच्या बागा लागल्या. त्या वेळी बागांमधून जो गार, आंबटगोड वास येतो तो मला अजून कुठं मिळाला नाही. पण त्या सकाळचं मला जास्त आठवतं ते ताईच्या ब्रेकचं कुरकुरणं. भाऊजींची चाल अशी होती की त्यांच्या मागं राहायचं तर तिला सारखा ब्रेक दाबावा लागत होता. उतारावर तर दोन्ही हातांनी. चाळीस किलोमीटर ती बाई ब्रेक दाबून सायकल चालवत गेली. दिलीप माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आता माय, हे तं चालत गेलो असतो तरी पुढं निघालो असतो.” आम्ही दोघं हसलो. ताई ऐकत होती. तिच्या पाठीवरून कळत नव्हतं की ती हसली का.

सावसरच्या बसस्टँडवर चहा झाला तेव्हा भाऊजी हॉटेलच्या बाकड्यावर आडवे झाले. समुद्राकडची हवा जड असते म्हणून दम लागत नाही, आपली हवा कोरडी आहे, असं त्यांनी आम्हांला डोळे मिटून समजावलं. बोरगावला पुन्हा आडवे झाले. नदीवर पोचायला साडेअकरा वाजले. कन्हान जानेवारीत कशी असते ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. रुंद वाळू, मधून पोटरीभर निळसर पाणी, पलीकडे टरबुजाच्या वाड्या. मला ती फार आवडली. दिलीप आणि त्याचे मित्र कपड्यांसकट पाण्यात शिरले. ताईनं साडी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात पाय टाकले आणि खाली वाकून दगड पाहत राहिली. भाऊजी काठावर उभे राहून म्हणाले, “याला काय पाणी म्हणायचं?” आणि जेवून, तोंडावर रुमाल टाकून झाडाखाली झोपले. दीड तास झोपले. उन्हं कलून राहिली होती, पण त्यांना उठवणार कोण?

आज मी त्यांच्या त्या वयाच्या दुप्पट वयाची आहे आणि थकलेल्या माणसाला हसू नये एवढं मला कळतं. पाय सगळ्यांचेच दुखतात. थकण्याचा राग नाही. पुढं जे झालं त्यात थकवा फक्त निमित्त होता.

लोधीखेडा मागं टाकून आम्ही बोरगावकडे निघालो होतो. समोरून कापसानं भरलेली बैलबंडी आली, मी बाजूला घ्यायला गेले आणि गिट्टीवर चाक घसरलं. डावा गुडघा दगडावर आपटला. उठून पाहिलं तर कातडं उघडलेलं आणि पाय टेकवत नव्हता. ताईनं सायकल टाकली, साडीची किनार दातानं फाडली, माझा गुडघा करकचून बांधला. भाऊजी सायकलवरून उतरले आणि स्वतःच्या मांड्या चोळत म्हणाले, “तरी मी म्हटलं होतं, पोरी नको.”

तेवढ्यात संत्र्याच्या पेट्यांनी भरलेला एक ट्रक आला. दिलीपनं हात केला. ड्रायव्हर वयस्क माणूस होता, दाढी पिकलेली. म्हणाला, “पांढुर्ना मंडी जा रहे हैं. आगे एक ही की जगह है. बच्ची को बिठा दो.”

“चढ कुंदे,” ताई म्हणाली आणि मला काखेतून धरलं.

“थांब,” भाऊजी म्हणाले. “वयात आलेली पोरगी परक्या माणसांसंगं ट्रकमध्ये एकटी पाठवते? काही समजते का? लोक काय म्हणतील?”

“मग मी मागं पेट्यांवर बसतो,” दिलीप म्हणाला.

“पेटियाँ दब जाएँगी, भैया,” ड्रायव्हर म्हणाला.

“मी जातो,” भाऊजी म्हणाले. “मी पुढं जाऊन जीप घेऊन येतो. अर्ध्या तासात. तुम्ही हळूहळू चालत राहा.” आणि ते चढलेसुद्धा. त्यांची नवी कोरी सायकल क्लीनरनं पेट्यांवर दोरीनं बांधली. तिच्यासाठी जागा झाली. ड्रायव्हरनं एकदा माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, एकदा ताईकडं, आणि गियर टाकला. त्या अनोळखी माणसाला त्या क्षणी जे वाटलं ते आमच्या घरात पुढं कुणालाच वाटलं नाही, म्हणून मला त्याचा चेहरा अजून आठवतो.

ताई धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिली. मग तिनं पदर कमरेला खोचला, कॅरिअरवरचे डबे सोडून दिलीपच्या मित्राकडे दिले आणि मला म्हणाली, “बस मागं.” दिलीपनं माझी सायकल एका हातानं धरून आपल्या सायकलसोबत चालवायला घेतली. आम्ही निघालो. आणि त्या दिवसात पहिल्यांदा ताईनं ब्रेकवरची बोटं काढली. मी डबलसीट कितीतरी वेळा बसले असेन, पण असं कधी नाही. बोरगाव कधी आलं, कधी गेलं कळलं नाही. तिची पाठ घामानं भिजली होती, श्वास एकसारखा चालला होता, आणि मागून दिलीप ओरडत होता, “ताई, जरा हळू! दोन सायकली आहेत माह्याकडं!” सावसरला तो म्हणाला, “इथं थांबू का? जीप येईल म्हणे.” ताई म्हणाली, “तू थांब पाहिजे तं. मी जाऊन राहिली.”

पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागल्यावर एका चढावर ती पहिल्यांदा बोलली. मागं न पाहता म्हणाली, “कुंदे, मी नाही जात परत नागपूरला.”

मी कॅरिअर घट्ट धरलं.

“बहनजींकडे जाते उद्या. महिना संपायचा आहे अजून. बाबा चिडतील. चिडू दे.” मग पायडल मारत मारतच तिनं सांगितलं की नागपूरला ती सहा महिन्यांत एकदाही एकटी रस्त्यावर गेली नव्हती. भाजी भाऊजी आणत. पत्र लिहिलं तर आधी ते वाचत. मारत नव्हते, तिनं मुद्दाम सांगितलं, “मारत नाहीत. मारलं असतं तं सांगता तरी आलं असतं.”

मी तिच्या ओल्या पाठीला कपाळ टेकवलं आणि म्हणाले, “नको जाऊ ताई. मी सांगीन बाबांना सगळं. ट्रकचं पण सांगीन.” तिनं एक हात मागं करून माझं डोकं थोपटलं आणि पुन्हा हँडल धरलं.

दिवे लागून गेल्यावर घरी पोचलो. भाऊजी आंघोळ करून, गरम सदरा घालून पलंगावर बसले होते, पुढ्यात ताट होतं. “आलात का?” ते म्हणाले. “जीपवाला मिळाला नाही.” बाबा कौतुकानं म्हणाले, “जवाईबापू चार वाजताच पोचले!” आईनं माझा गुडघा पाहून तोंडावर हात ठेवला आणि मग भाऊजींना कढी वाढायला वळली.

सकाळी चहाच्या वेळी ताईनं सांगितलं. आवाज न चढवता, उभ्या उभ्या. ती परत जाणार नाही, तिगावची शाळा धरणार आहे. बाबांच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. भाऊजी मात्र शांत होते. “कारण?” त्यांनी विचारलं. ताईनं ट्रकचं सांगितलं. ड्रायव्हर काय म्हणाला, कोण चढलं, सायकल कुठं बांधली, सगळं.

“वा,” भाऊजी म्हणाले. “मीच म्हटलं नव्हतं का कुंदाला, चल माझ्यासंगं, मी उभ्यानं येतो? तीच म्हणाली, मी ताईसोबत येते. विचारा ना तिला. ती काहून खोटं बोलेल? जूनपासून आमच्याच घरी राहायचं आहे तिला.”

हे सांगायचं राहिलं. मी अकरावीला होते, म्हणजे तेव्हा आमच्याकडे शाळेचं शेवटचं वर्ष. दिवाळीत भाऊजींनी बाबांना शब्द दिला होता की कुंदाला आमच्याकडे ठेवू, नागपूरच्या कॉलेजात घालू. त्या शब्दावर मी तीन महिने जगत होते. मला त्या गल्लीतून, त्या कापसाच्या तंतूंमधून, फुटलेल्या वड्यांमधून बाहेर पडायचं होतं. नागपूर नाही तर मग मॅट्रिक आणि माझ्याही वाट्याला एखादा भाऊजी, एवढंच पुढं होतं.

बाबा माझ्याकडे वळले. “काय गं कुंदे? असं झालं का?” त्यांच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता, विनंती होती. दिलीपचं घर चार दारं सोडून होतं. त्याला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर बाबांनी सुचू दिलं नाही.

ताई माझ्याकडे पाहत होती. तिला काळजी नव्हती. तिला माहीत होतं मी काय सांगणार.

“हो,” मी म्हणाले.

अवघड उदाहरण सुटल्यावर पोरं करतात तसा बाबांनी श्वास सोडला. “झालं तर मग. गैरसमज होता. शोभा, माफी माग त्यांची.” ताईनं माफी मागितली नाही. ती आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. भाऊजींनी दुसरा कप चहा मागितला. मी माझ्या बांधलेल्या गुडघ्याकडे पाहत बसले, त्यातून रक्त पुन्हा झिरपून राहिलं होतं. त्या घरात मी सगळ्यांना तुच्छ लेखायची, बापाला, आईला, त्या पलंगावर बसलेल्या माणसाला. त्या सकाळपासून तो हक्क गेला. सवय मात्र गेली नाही, हे वाचणाऱ्याला कळलंच असेल.

तिगावची जागा फेब्रुवारीत भरली. ताईनं पुढं कधीच नोकरी केली नाही. भाऊजी साहेब होऊन रिटायर झाले. कन्हानची सहल आता तेही सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात पडलेल्या मेहुणीला ट्रकमध्ये बसवून ते स्वतः सायकलवर आलेले असतात. मी समोर बसलेली असते. मी दुरुस्त करत नाही.

जूनमध्ये मी नागपूरला गेले. ताईनं स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत माझ्यासाठी खाट टाकून ठेवली होती, खिडकीला पडदा शिवला होता, पुस्तकांसाठी फळी ठोकून घेतली होती. पहिल्या संध्याकाळी भाऊजी बाहेर गेले होते. तिनं मला पाट दिला, आलू-वांग्याची भाजी वाढली, भाकरी वाढली. मी घास घेतला आणि मला रडू फुटलं. मी तिचा हात धरला. “ताई, मी त्या दिवशी...”

तिनं हात सोडवून घेतला. रागानं नाही. एखादं भांडं जागेवर ठेवावं तसा.

“तुले नागपूर पाहिजे होतं ना?” ती म्हणाली. “मिळालं. आता रडून काहून राहिली? रडायचंच होतं तं तिथंच रडायचं होतं, तेव्हा माह्या कामी आलं असतं. जेव.”

ती तव्याकडे वळली आणि दुसरी भाकरी थापायला लागली. मी डोळे पुसले आणि जेवले. भाजी चांगली झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.